‘जरा कमजोरी है’ : थकलेल्या बाईचा दवाखान्यापर्यंतचा रस्ता

रमजान ईद होऊन आठवडा उलटला होता. मी पुण्याहून परंड्याला थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. आम्ही तिला आपा म्हणतो. भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, म्हणून आशाताई आणि नर्सबाई घरी आल्या होत्या. भाचीचं वजन झालं, बीपी झालं, कार्डावर नोंदी झाल्या. आपा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आली. अंतर चार पावलांचं, तरी मध्येच दाराच्या चौकटीला खांदा टेकवून ती थांबली, श्वास घेतला आणि मग पुढे आली. आम्हा घरच्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. ती बरेच दिवस अशीच चालत होती.

नर्सबाईंनी कप बाजूला ठेवला. आपाला जवळ बसवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, “यांचं रक्त शेवटचं कधी तपासलंय?”

कुणालाच उत्तर देता येईना. शेवटी आपाच हसून म्हणाली, “छोटे के टैम पे.” छोटा म्हणजे माझा धाकटा भाचा. तो आता अकरावीत आहे.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ६.४. गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान १२ असायला हवं. म्हणजे जेवढं हवं त्याच्या जवळपास निम्म्यावर आपा घर चालवत होती. पहाटे सहरीला सगळ्यांच्या आधी उठत होती, दिवसभर शिलाई मशीन चालवत होती, संध्याकाळी इफ्तारची भजी तळत होती. आणि कुणी विचारलंच तर तिचं उत्तर ठरलेलं होतं, “क्या नै रे, जरा कमजोरी है.”

हा लेख आपाच्या आजाराबद्दल नाही. ती आता बरी आहे. प्रश्न असा आहे की, एक बाई तीन-चार वर्षं ‘थकले’ म्हणत असताना दवाखान्यापर्यंत का पोचत नाही? तिला कोण अडवतं? गुन्हेगार शोधायला बसलो तेव्हा पहिलं नाव माझंच निघालं. दोन वर्षांपूर्वी ती पुण्याला आली होती, तेव्हा जिना चढताना दोनदा बसली. मी काय केलं? मेडिकलमधून टॉनिकची बाटली आणून दिली आणि म्हणालो, “आपा, जरा आराम करत जा.” शिकलेल्या भावाचा हा सल्ला. आराम कुठे आणि कधी करायचा, हे मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

थकव्याला ‘आजार’ कोण म्हणतं?

ताप आला तर कपाळाला हात लावून कळतो. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. थकवा दुसऱ्याला दिसत नाही. तो सांगावा लागतो आणि ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी शब्दही कमी नाहीत. मराठीत अशक्तपणा, गळून गेल्यासारखं होणं, अंगात त्राण नसणं, कणकण. आपल्या दखनीत कमजोरी, बदन टूटना, हातपाँव में जान नै. हे शब्द रोज इतक्यांदा बोलले जातात की, घरात त्यांची दखलच घेतली जात नाही. भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखं ते कानाआड जातं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड अँडरसन यांनी १९६८ मध्ये एक साधी मांडणी केली होती. माणूस दवाखान्याची पायरी चढतो की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं, असं त्यांचं म्हणणं. पहिली गोष्ट म्हणजे माणूस कोण आहे: वय, बाई की पुरुष, शिक्षण, घरातल्या समजुती. दुसरी म्हणजे सोय: पैसा, वेळ, वाहन, जवळचा दवाखाना, सोबतीला माणूस. तिसरी म्हणजे गरज, आणि त्यातही स्वतःला वाटणारी गरज वेगळी आणि डॉक्टरला दिसणारी गरज वेगळी. आपाच्या बाबतीत या तिन्ही ठिकाणी कुलूप होतं. डॉक्टरला दिसणारी गरज मोठी होती, पण ती पाहायला डॉक्टर समोर नव्हता. तिला स्वतःला वाटणारी गरज शून्य होती. कारण लहानपणापासून तिने पाहिलेल्या सगळ्या बायका, आमच्या अम्मीसकट, थकलेल्याच होत्या. सगळेच थकलेले असतील तर थकवा हा आजार कसा वाटेल? तो बाईपणाचा भाग वाटतो.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे कमी होण्याऐवजी वाढला. याच वयाच्या पुरुषांत प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास आहे. घर एक, तवा एक, तरी हा फरक.

एकाच घरातले दोन थकवे

आपाच्याच घरातलं सांगतो. चार वर्षांपूर्वी दुल्हाभाईंना थकवा जाणवू लागला. ते आठवडी बाजारांत चपलांचं दुकान लावतात. सकाळी टेम्पोत माल चढवताना दम लागू लागला. चौथ्या दिवशी त्यांना घेऊन आम्ही बार्शीला होतो. साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, घरात सगळ्यांचा गोड चहा बंद झाला. त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी वेगळी होऊ लागली. ती भाकरी थापणारी बाई त्याच वेळी त्यांच्यापेक्षा जास्त थकलेली होती.

यात दुल्हाभाई वाईट आहेत असं नाही. ते प्रेमळ माणूस आहेत. फरक एवढाच की, त्यांचा थकवा बाजारात दिसला. त्या दिवशी दुकान लागलं नाही आणि घरात पैसे आले नाहीत, म्हणून तो ‘आजार’ ठरला. आपा थकून बसली तरी स्वयंपाक होतच राहिला, कधी उशिरा, कधी भाचीच्या हातून. जोवर काम थांबत नाही, तोवर बाईचा थकवा कुणाच्या हिशेबात येत नाही.

सरकारी हिशेबातही तसंच घडतं. बाईच्या बोटाला सुई टोचली जाते ती पोटात बाळ असताना. तेव्हा कार्ड बनतं, लोहाच्या गोळ्या मिळतात, आशाताई दारात येतात. हे सगळं चांगलंच आहे आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत. पण शेवटचं मूल झालं की ते कार्ड ट्रंकेत जातं. त्यानंतर साखर किंवा बीपी निघेपर्यंत तिच्या शरीराकडे कुणी फिरकत नाही. नेमक्या याच पंधरा-वीस वर्षांत पाळीचा त्रास वाढतो, थायरॉइड बिघडतो आणि कामाचं ओझं सगळ्यात जास्त असतं. दुसऱ्याचा जीव वाहते तोवर तिला मोजायचं आणि तो खाली ठेवला की सोडून द्यायचं, असा हा प्रकार झाला.

परंडा ते बार्शी

परंडा हे तालुक्याचं गाव. इथल्या किल्ल्यात कधीकाळी निजामशाहीचा दरबार भरला. पण जरा मोठी तपासणी निघाली की माणूस बार्शीची वाट धरतो. जिल्हा आमचा धाराशिव, पण तिथे जाण्यापेक्षा सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी जवळ. त्याहून मोठं काही निघालं तर सोलापूर नाहीतर पुणे. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातल्या मागास राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून यादी केली, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि आमचा त्यातला एक.

सरकारी दवाखान्यातले उपचार ऑगस्ट २०२३ पासून राज्यात मोफत झाले आहेत. केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. मग अडतं कुठे? अडतं ते वेळेपाशी. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो. तीच वेळ पाण्याची, डब्यांची, शाळेच्या घाईची. पहिल्या दिवशी रक्त द्यायचं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायचा, तिसऱ्या दिवशी तो डॉक्टरांना दाखवायचा. शिलाई करणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईसाठी ही तीन दिवसांची मजुरी आहे. उपचार फुकट असतात, दिवस फुकट नसतो.

कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना एक प्रश्न विचारतात: स्वतःच्या उपचारासाठी जाताना तुम्हाला कोणती मोठी अडचण येते? पर्याय असे असतात: परवानगी मिळवणं, पैसे मिळवणं, अंतर, वाहन, एकटीने जायला नको वाटणं, तिथे बाई डॉक्टर नसणं, कुणीच नसणं, औषध नसणं. मी ही यादी आपाला फोनवर वाचून दाखवली आणि विचारलं, तुझं यातलं काय? ती म्हणाली, “सबीच. लेकिन पैला वाला नै. तेरे दुल्हाभाई कबी ना नै बोले. मैं पूछीच नै.”

हे वाक्य मी अनेक दिवस डोक्यात घेऊन फिरलो. परवानगी नाकारली गेली नव्हती, कारण ती मागितलीच गेली नव्हती. पाहणीच्या रकान्यात ही बाई ‘परवानगीची अडचण नाही’ अशी नोंदली जाईल.

ताकदीची बाटली

असं नाही की आपा डॉक्टरकडे कधीच गेली नाही. वर्षातून दोन-तीनदा, अगदीच उभं राहवेना तेव्हा, ती गावातल्या एका खाजगी दवाखान्यात जाऊन सलाईन लावून यायची. आपल्याकडे त्याला ‘ताकदीची बाटली’ म्हणतात. डॉक्टरांचं नाव घेण्यात अर्थ नाही. गावोगावी हेच चालतं.

त्या बाटलीत काय असतं? मिठाच्या पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली असेल तर साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजची नेहमीची पाच टक्क्यांची असेल तर पंचवीस ग्रॅम साखर. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेल्याला ती जीवदान देते. पण रक्त कमी असलेल्या बाईला तिचा उपयोग साखर-मिठाच्या पाण्याएवढाच. त्यात लाल-पिवळं व्हिटॅमिन टाकलं की रंग बदलतो, एवढंच.

मी चिडून आपाला विचारलं, तू हे का करत होतीस? तिने दिलेलं उत्तर डॉक्टरांनीही ऐकण्यासारखं आहे. म्हणाली, “दो घंटे लेटने मिलता रे. कोई उठाता नै.”

म्हणून सलाईन लावणाऱ्या बायकांना अडाणी म्हणण्याआधी थोडं थांबावं. एका फेरीत काम होतं, रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही, हाताला सुई दिसते म्हणून घरचेही मान्य करतात की ही खरंच आजारी आहे. आणि दोन तास पडून राहता येतं. थकलेल्या बाईला हवं असलेलं बरंच काही त्या बाटलीभोवती आहे, फक्त औषध तेवढं नाही. वाईट इतकंच की बाटली लावल्यावर चार दिवस बरं वाटतं आणि खरी तपासणी आणखी सहा महिने पुढे जाते.

खरा उपचार कंटाळवाणा आहे. लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. त्यांनी शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतं, मळमळतं. हे आधी कुणी सांगितलं नाही तर बाई घाबरते, ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणते आणि आठवड्यात बंद करते. आपाच्या घरी जुन्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली, भाचीच्या कॉलेजच्या काळातली. गोळी चहाबरोबर घेतली तर तिचा फायदा कमी होतो, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर वाढतो, एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. आपल्याकडे तर जेवणावर चहा हवाच.

आपण तर मटण खातो!

मुस्लिम घरांत आणखी एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. आपण मांसाहारी, आपल्याला रक्त कमी कसं पडेल? मांसातलं लोह शरीराला चटकन मिळतं, हे खरं. पण मांस किती वेळा शिजतं आणि कुणाच्या ताटात किती पडतं, हे कुणी पाहत नाही. जुम्म्याला पाव-अर्धा किलो आणलं तर बोट्या पाहुण्यांच्या, पुरुषांच्या, मुलांच्या. आपाच्या ताटात शोरबा आणि आलू. कलेजी तर लहानपणापासून मीच खात आलो.

आणि दुसरी गोष्ट, ज्यावर आपण बोलत नाही. भरती कमी हा एक प्रश्न, गळती जास्त हा दुसरा. आपाच्या बाबतीत खरं कारण हेच निघालं. बार्शीला सोनोग्राफी झाली, गर्भाशयात गाठ होती. गेली तीन वर्षं पाळी दहा-दहा, बारा-बारा दिवस चालत होती. मला हे आपाने सांगितलं नाही, तिने माझ्या बायकोला सांगितलं. पण मला जास्त धक्का पुढच्या गोष्टीचा बसला. तीन वर्षांत तिने याबद्दल एका व्यक्तीला विचारलं होतं, मोहल्ल्यातल्या आलिमांना. प्रश्न होता, अकराव्या दिवशी नमाज होते का?

उत्तर बरोबर मिळालं. हनफी फिकहनुसार दहा दिवसांपुढचं रक्त हे पाळीचं नसून ‘इस्तिहाजा’ मानलं जातं. त्या काळात बाईने नमाज पढावी, रोजाही ठेवावा. आपाने तसंच केलं. पण शरीअतने ज्या रक्ताला पाळीपासून वेगळं काढलं, ते येतं कुठून आणि का, हे कुणी विचारलं नाही. आमच्या धार्मिक पुस्तकांत या विषयावर अख्खं प्रकरण आहे. चौदाशे वर्षांपूर्वी फातिमा बिन्त अबी हुबैश नावाची बाई स्वतः पैगंबरांकडे गेली आणि आपलं रक्त थांबत नाही, असं तिने सरळ सांगितलं. पैगंबरांनी तिला झिडकारलं नाही. हे पाळीचं नव्हे, एका शिरेचं रक्त आहे, असं त्यांनी समजावलं. हदीसच्या ग्रंथांत हा प्रसंग आहे. ती बाई लाजली नाही आणि आपण त्याच धर्माचं नाव घेऊन आपल्या बहिणींना लाजायला शिकवलं.

‘सब्र’चंही तसंच. तक्रार न करणं म्हणजे सब्र, असा अर्थ आपण बायकांच्या वाट्याला दिला आहे. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची सवलत खुद्द कुरआनने दिली. उपचार घ्या, असं पैगंबरांनी सांगितलं. शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, असंही सांगितलं. हे जुम्म्याच्या बयानमध्ये ऐकायला मिळत असेलही, पण तिथे ऐकायला बायका नसतात.

भीती, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तर

बार्शीला जायच्या आदल्या रात्री आपा झोपली नाही. तिला गाठीची भीती नव्हती. तिला वाटत होतं, “पिशवी निकाल देंगे.” ही भीती हवेतली नाही. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अंगावरून जातं, कंबर दुखते, थकवा येतो, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला एक तर बाटली मिळते नाहीतर थेट ऑपरेशन. मधला, सावकाश तपासण्याचा आणि समजावून सांगण्याचा रस्ताच बुजलेला. मग बाई घरी थांबते यात नवल काय? आपाला मात्र चांगल्या डॉक्टर भेटल्या. आधी दोन बाटल्या रक्त चढलं, मग गोळ्या झाल्या, मग गाठीचं काय करायचं ते तिला विचारून ठरलं.

महाराष्ट्रात ही गोष्ट नवी नाही. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा जगभर चर्चा झाली. शंभरातल्या ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त आठ. जवळपास निम्म्या बायकांनी तर तक्रारच सांगितली नव्हती.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख ‘हिमोग्लोबिन तपासा’ एवढ्यावर संपेल. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी केली. २००५ मध्ये ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. दर शंभरात बारा बायकांना सहा महिन्यांहून जुना थकवा होता. संशोधकांनी रक्तही तपासलं. पण थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी सापडला नाही. सापडला तो मनाच्या त्रासाशी आणि घरात बाई म्हणून सोसाव्या लागणाऱ्या गोष्टींशी, विशेषतः नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी.

म्हणजे आपाचं रक्त कमी निघालं, हे एका अर्थाने तिचं नशीब. कागदावर आकडा आला आणि घरातल्या सगळ्यांना पटलं. जिचा रिपोर्ट चांगला येतो तिचं काय? ‘सब नॉर्मल है’ म्हणून तिला परत पाठवतात आणि घरी तिचा थकवा नाटक ठरतो. पुढच्या वेळी ती दवाखान्याचं नावही काढत नाही. खरं तर डॉक्टरांचं काम तिथे सुरू व्हायला हवं. झोप लागते का? रडू येतं का? घरात कुणी मारतं का? हे प्रश्न बाईला एकटीला बसवून विचारायचे असतात. शेजारी नवरा किंवा सासू बसलेली असताना नाही.

मोहल्ल्याने काय करावं

ईद-ए-मिलादला आता गावोगावी आपली पोरं रक्तदान शिबिर घेतात. मला त्याचा अभिमान वाटतो. रक्त देण्याआधी प्रत्येकाचं हिमोग्लोबिन तपासतात आणि साडेबाराच्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. म्हणजे वर्षातून एकदा मोहल्ल्यातल्या जवान पोरांची रक्ततपासणी होते. त्याच मांडवामागच्या गल्लीत त्यांच्या अम्मी आणि बहिणी सहा-सात हिमोग्लोबिनवर चुली पेटवत असतात. पोरांनो, पुढच्या वर्षी बाजूला एक आडोसा उभा करा. एक नर्सबाई बोलवा. रक्त घ्यायला नको, फक्त बोटाला सुई टोचा आणि आकडा कागदावर लिहून द्या. बायकांच्या इज्तेमात, मदरशाच्या सुट्टीत हेच करता येईल. आलिमांना कुणी अकराव्या दिवसाचा मसला विचारला तर उत्तर द्यावं आणि त्यासोबत म्हणावं, बेटी, डॉक्टरला दाखव.

जकात आणि बैतुलमालचा पैसाही आपण ऑपरेशनला देतो, मय्यतीला देतो. रक्ताच्या साध्या तपासणीला आणि बार्शीच्या दोन फेऱ्यांच्या भाड्याला कुणी देत नाही, कारण त्यासाठी मागायला कुणी येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचंही तसंच आहे. ती मोठ्या आजारात, भरती झाल्यावर उपयोगी पडते. थकव्याच्या टप्प्यावर ती लागू होत नाही.

सरकारला काही सुचलं नाही असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ मोहीम निघाली. त्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांची तपासणी होती, फक्त गरोदरांची नव्हे. कल्पना योग्य होती. पण ती नवरात्रात होती, आणि आपाला वाटलं ते नवरात्राचं काहीतरी असेल, आपलं नाही. आमच्या गल्लीत येऊन ‘हे तुमच्यासाठीही आहे’ असं दखनीत सांगणारं कुणी नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं? पुढच्या वर्षी राज्यभर ‘आपला दवाखाना’ सुरू करताना दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठेवली, तीही योग्यच होती. कामकरी बाईला संध्याकाळी उघडा दवाखाना आणि त्याच दिवशी रिपोर्ट, एवढं मिळालं तरी निम्मी कुलुपं निघतील. उरलेली निम्मी घराची आहेत, ती आपल्यालाच काढावी लागतील.

भाचीला मुलगी झाली. आपा आता नानी आहे. हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेलं आहे आणि ती जिना न थांबता चढते. पूर्वी मी फोनवर विचारायचो, “कैसी हो आपा?” आणि उत्तर यायचं, “शुक्र है अल्ला का.” तो प्रश्नच चुकीचा होता. त्यावर दुसरं उत्तर देणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आता मी विचारतो, “आपा, खून कब चेक किये? कित्ता आया?” मग ती आकडा सांगते, आणि गोळ्या संपल्या असतील तर तेही सांगते.

तुमच्या घरातही कुणीतरी चौकटीला टेकून थांबत असेल. तिला आज हाच प्रश्न विचारून बघा.